बाबा मेहरसिंग : नसलेल्या धावपट्टीवर उतरणारा वैमानिक

चंडीगडमध्ये राहणाऱ्यांना पहाटेच्या विमानांच्या आवाजाची सवय झालेली असते. हवाई दलाच्या तळावरून मालवाहू विमान उडते, शिवालिकच्या टेकड्या ओलांडते आणि हिमालयात शिरते. पोटात पीठ, भाजी, औषधे, टपाल, सुटीवरून परतणारे जवान. तासाभरात ते लेहला उतरते. चंडीगडहून लडाखला जाणारा हा हवाई पूल १९६० च्या दशकापासून अखंड चालू आहे. आपल्या ओळखीच्या कित्येक मराठी कुटुंबांतले बाप, काका, मामा याच पुलावरून लडाखला गेले आणि परत आले.

हा पूल ज्या माणसाने पहिल्यांदा घातला, त्याची ही गोष्ट. एअर कमोडोर मेहरसिंग. हवाई दलात सगळे त्यांना बाबा मेहरसिंग म्हणत. त्यांच्या आयुष्याचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात ते देशाची विमाने उडवत होते. दुसरा भाग फार छोटा. त्यात ते एका महाराजांच्या पदरी होते आणि खासगी विमान उडवत होते. पहिल्या भागाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कॅडेटनी मात्र दुसरा भागही वाचायला हवा, कारण उद्या गणवेश उतरवल्यावर तुमच्यापैकी काही जण तसेच विमान उडवणार आहेत.

लायलपूरचा मुलगा

मेहरसिंग यांचा जन्म २० मार्च १९१५ चा, पंजाबातल्या लायलपूर जिल्ह्यातला. हे लायलपूर म्हणजे आज पाकिस्तानात असलेले फैसलाबाद. हवाई दलाचे मार्शल अर्जनसिंग यांचाही जन्म लायलपूरचाच, चार वर्षांनंतरचा.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. सुरुवातीला त्यात एकच स्क्वॉड्रन, त्यातही पहिल्या दिवसांत वापिती जातीची चार विमाने. भारतीय तरुणांना वैमानिक होण्यासाठी इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या रॉयल एअर फोर्स कॉलेजात जावे लागे. मेहरसिंग १९३४ मध्ये तिथे गेले, १९३६ मध्ये अधिकारी होऊन परतले आणि त्या एकमेव स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाले. अंगाने ते लहानखुरे होते. विमानात बसले की मात्र त्यांची बरोबरी करणारे थोडेच.

त्यांची पहिली शाळा म्हणजे वायव्य सरहद्द. वापिती हे दोन पंखांचे, उघड्या कॉकपिटचे विमान. पुढे वैमानिक, मागे तोफची. खाली अरुंद दऱ्या आणि कड्यांवर बंदुका घेऊन बसलेले टोळीवाले. विमान दरीत शिरले की गोळ्या कधी कधी वरून खाली येत. एका मोहिमेत मेहरसिंग यांच्या विमानाला गोळी लागली आणि त्यांना डोंगराळ मुलखात जमेल तिथे विमान आपटून उतरवावे लागले. सोबत हवाई शिपाई गुलाम अली होते. दोघे विमानातून बाहेर पडले, अंधाराचा आडोसा घेत, शोधणाऱ्यांना चुकवत आपल्या फौजेच्या ठाण्यापर्यंत पोहोचले. मेहरसिंग लगेच पुन्हा उड्डाणाला उभे राहिले. विमान कुठे उतरवता येते आणि कुठे नाही, हे ज्ञान त्यांनी असे मिळवले.

ब्रह्मदेशाच्या जंगलावर

दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४२ मध्ये, सहा नंबरचे स्क्वॉड्रन त्रिचनापल्लीला उभे राहिले. त्याचे पहिले प्रमुख मेहरसिंग. वय सत्तावीस. हाती हरिकेन विमाने. १९४३ च्या अखेरीस हे स्क्वॉड्रन आराकानच्या आघाडीवर गेले. त्यांचे काम टेहळणीचे : झाडांच्या शेंड्यांना लागून उडायचे, जपानी फौज कुठे आहे, पूल कुठे बांधला, होड्या कुठे लपवल्या हे पाहायचे, छायाचित्रे घ्यायची आणि परत यायचे. विमाने जोडीने जात. एक खाली बघे, दुसरे त्याची पाठ राखे.

आपल्या वैमानिकांना कामगिरीवर धाडून मेहरसिंग तंबूत बसून राहत नसत. अवघड कामगिरी ते स्वतःकडे घेत. चौदाव्या सैन्याचे सेनापती जनरल स्लिम यांनी युद्धानंतर लिहिलेल्या आपल्या पुस्तकात या स्क्वॉड्रनची आणि त्याच्या तरुण शीख प्रमुखाची आवर्जून नोंद केली आहे. १९४४ मध्ये मेहरसिंग यांना डीएसओ हा सन्मान मिळाला. त्या युद्धात हा सन्मान मिळवणारे ते भारतीय हवाई दलाचे एकमेव अधिकारी.

पूंछ

२७ ऑक्टोबर १९४७. काश्मीरमध्ये घुसलेले हल्लेखोर श्रीनगरच्या उंबरठ्यावर होते. त्या सकाळी दिल्लीहून डाकोटा विमाने पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरू लागली. त्यांतली पुष्कळ विमाने हवाई दलाची नव्हती. ती खासगी कंपन्यांची होती, एरवी तिकिटे काढून प्रवासी नेणारी. देशाला गरज पडली तेव्हा भाड्याची विमाने आणि त्यांचे नागरी वैमानिक सैन्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. खासगी विमानाची ही बाजूही लक्षात ठेवावी.

जम्मू-काश्मीरच्या हवाई मोहिमेची सूत्रे मेहरसिंग यांच्याकडे आली. त्या वेळी पूंछ शहराला वेढा पडला होता. आत ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांची तुकडी आणि हजारो निर्वासित. रस्ता बंद. धान्य संपत आलेले. एकच वाट उरली, आकाशाची. पण पूंछला विमानतळ नव्हता.

तो निर्वासितांनी आणि जवानांनी मिळून तयार केला. परेडच्या मैदानालगतची जमीन सपाट केली, झाडे तोडली, दगड वेचले. पट्टी निघाली ती आखूड, बाजूला ओढे, चहूकडे डोंगर आणि डोंगरांवर शत्रू. डाकोटासारखे दोन इंजिनांचे भारी विमान तिथे उतरेल का, हे कागदावर ठरणारे नव्हते. डिसेंबर १९४७ मध्ये मेहरसिंग यांनी स्वतः डाकोटा तिथे उतरवले. सोबत प्रवासी म्हणून एअर व्हाइस मार्शल सुब्रोतो मुखर्जी होते. मग इतर वैमानिकांचीही रीघ लागली. जाताना दारूगोळा आणि धान्य, येताना जखमी आणि निर्वासित. पुढे शत्रूच्या तोफा धावपट्टीवर मारा करू लागल्या तेव्हा मेहरसिंग रात्री उतरले. धावपट्टीच्या कडेला फक्त तेलाचे दिवे होते. या वाटेने आलेल्या तोफांनी शत्रूला उत्तर दिले आणि पूंछ टिकले.

याच युद्धात, एप्रिल १९४८ मध्ये, कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबारात काढत होते आणि रणगाड्यांना वाट करून देत होते. त्यांना परमवीर चक्र मिळाले. राणे यांनी जमिनीवर वाट काढली, मेहरसिंग यांनी आकाशात.

लेह

१९४८ च्या वसंतात धोका लडाखवर आला. स्कर्दूला वेढा पडलेला, शत्रूच्या तुकड्या लेहकडे सरकत होत्या. लेहच्या रक्षणाला मेजर पृथीचंद आणि त्यांचे मूठभर लाहौली साथीदार होते. हिवाळ्यात झोजी ला पायी ओलांडून ते आले होते. मदत पाठवायची तर पायवाटेने आठवडे लागणार. सोनम नोरबू या लडाखी इंजिनिअरने स्थानिक लोकांना हाताशी धरून सिंधूच्या काठावर मातीची धावपट्टी तयार करून ठेवली होती. तिथे तोवर एकही विमान उतरलेले नव्हते.

अडचण काय होती ते नीट समजून घ्या. लेहची पट्टी समुद्रसपाटीपासून साडेदहा हजार फुटांहून उंच. तिथे हवा विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, म्हणून विमानाला जास्त वेगाने उतरावे लागते आणि जास्त लांब धावावे लागते. इंजिनाची ताकदही घटते, त्यामुळे पुन्हा उडताना पट्टी पुरेल की नाही याची खात्री नाही. वाटेत फोटू लासारखी साडेतेरा हजार फुटांच्या आसपासची खिंड, दोन्ही बाजूंना वीस हजार फुटांची शिखरे. डाकोटात हवेचा दाब राखण्याची सोय नाही, पंखांवरचा बर्फ काढण्याची सोय नाही. या मार्गाचा विश्वासार्ह हवाई नकाशा नाही. आणि एकदा दरीत शिरल्यावर मागे वळायला जागा नाही.

२४ मे १९४८ रोजी मेहरसिंग यांनी डाकोटा उचलले. शेजारी मेजर जनरल थिमय्या बसले होते. सेनापती स्वतः सोबत आल्यामुळे इतरांना धीर यावा, हा त्यामागचा विचार. शिखरे चुकवत, तेवीस हजार फुटांपर्यंत चढत त्यांनी हिमालय ओलांडला आणि सिंधूकाठच्या मातीवर विमान टेकवले. त्यानंतर डाकोटांची रांग लागली. गुरखा जवान उतरले. लेह वाचले.

ही वाट पुढे पुढेच गेली. जुलै १९६२ मध्ये स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दौलत बेग ओल्डी येथे, सोळा हजार फुटांवर, पॅकेट विमान उतरवले. ती पट्टी नंतर वर्षानुवर्षे बंद राहिली. ३१ मे २००८ रोजी चंडीगडहून निघालेले एएन-३२ तिथे पुन्हा उतरले. ते उडवत होते ग्रुप कॅप्टन एस. सी. चाफेकर. आडनाव वाचून मराठी पानावर मान थोडी वर होणारच.

पतियाळाचे विमान

१९४८ मध्ये मेहरसिंग यांनी हवाई दलाचा राजीनामा दिला. वय तेहेतीस. ते पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंग यांचे विमानविषयक सल्लागार झाले. महाराज तेव्हा पेप्सू या नव्या राज्याचे राजप्रमुख होते.

पतियाळा आणि विमान यांचे नाते जुने. यादवेंद्रसिंग यांचे वडील महाराज भूपिंदरसिंग यांनी १९१० च्या सुमारास आपल्या इंजिनिअरला युरोपात पाठवून विमाने विकत आणवली. राइट बंधूंच्या उड्डाणाला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. संस्थानिकांच्या जगात विमान हा पुढे हत्ती, घोडे, मोटारी यांच्याच रांगेतला थाट झाला. दरबाराला जायला विमान, पोलोला जायला विमान, पाहुण्यांना शिकारीच्या तळावर आणायला विमान. जोधपूरचे महाराज उमेदसिंग स्वतः वैमानिक आणि शिकारी, दोन्ही. पतियाळाजवळचे बीर मोतीबाग हे राजघराण्याचे शिकारीचे रान. आज ते अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडची शिकार संपली, आणि ते योग्यच झाले.

जगात इतरत्र मात्र हौसेच्या शिकारीसाठी आणि मासेमारीसाठी खासगी विमान भाड्याने घेण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. केनियात १९३० च्या आसपास डेनिस फिंच हॅटन याने छोट्या जिप्सी मॉथ विमानातून हत्तींचे कळप हुडकण्याची पद्धत सुरू केली. मे १९३१ मध्ये त्याच विमानाच्या अपघातात तो गेला. अलास्कात आणि कॅनडात रस्ते नाहीत, तळी आणि नद्या अगणित. तिथे तरंगी बूट लावलेले छोटे विमान तळ्यात उतरते, गळ घेतलेल्या चार जणांना सोडते आणि आठवड्याने परत न्यायला येते. विमानातून सावज पाहायचे आणि उतरून लगेच गोळी घालायची, हे अन्यायाचे म्हणून अलास्कात उड्डाणाच्या दिवशीच मोठी शिकार करायला कायद्याने बंदी आहे.

असे विमान उडवणाऱ्याचे कौशल्य आणि मेहरसिंग यांचे कौशल्य एकाच जातीचे. नदीकाठची वाळू, आखूड पट्टी, नकाशा नाही, वाऱ्याची दिशा गवताच्या हलण्यावरून ओळखायची. पण दोघांच्या परिस्थितीत एक मोठा फरक आहे. तो फरक कॅडेटनी समजून घ्यावा.

सैन्यात धोका पत्करायचा की नाही हे एकटा वैमानिक ठरवत नाही. मागे हवामान खाते असते, तंत्रज्ञ असतात, उड्डाण थांबवण्याचा अधिकार असलेला वरिष्ठ असतो. आणि धोका पत्करलाच तर त्याला तोलामोलाचे कारण असते : पूंछचे भुकेले लोक, लेहचे मूठभर रक्षक. खासगी विमानात हे सगळे एका माणसात येऊन थांबते. मालकाला वेळेवर पोहोचायचे असते, पाहुण्यांची सुटी संपत आलेली असते, भाडे आगाऊ दिलेले असते. कोणी जबरदस्ती करत नाही, तरी दडपण असते. अशा वेळी आज जायचे नाही हे सांगणारा फक्त वैमानिक. जगभरच्या छोट्या विमानांच्या अपघातांत बिघडलेल्या हवेत पुढे जात राहणे हे कारण पुन्हा पुन्हा आढळते. त्यात नवशिके असतात तसे हजारो तास उडालेलेही असतात.

२६ जानेवारी १९५२ रोजी जोधपूरचे तरुण महाराज हनवंतसिंग स्वतःच्या छोट्या विमानाच्या अपघातात गेले. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. मार्च १९५२ मध्ये मेहरसिंग जम्मूहून दिल्लीला निघाले. विमान बोनान्झा : एका इंजिनाचे, चार आसनांचे, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या शेपटीचे, त्या काळी नवे आणि वेगवान. वेळ रात्रीची. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. डाकोटातून हिमालय ओलांडणाऱ्याच्या दृष्टीने ही सपाट मैदानावरची साधी वाट.

पण मार्चमध्ये उत्तर भारतात पश्चिमेकडून येणारी वादळे उठतात. गरम होऊ लागलेल्या मैदानावर थंड हवा चढते, ढगांचे मनोरे उभे राहतात आणि त्यांच्या आत वारा एकाच वेळी वर आणि खाली धावतो. रात्री हे ढग दिसत नाहीत. त्या रात्री अशाच वादळाने बोनान्झाला गाठले. विमान कोसळले. मेहरसिंग गेले. वय सदतीसच्या आसपास.

त्या वेळी चंडीगड शहर म्हणजे काही खेडी, आंब्याची झाडे आणि मोजणीच्या खुंट्या होत्या. त्याच्या पहिल्या आराखड्यावर काम करणारे वास्तुविशारद मॅथ्यू नोविकी हेही ऑगस्ट १९५० मध्ये विमान अपघातातच गेले होते. पुढे याच शहराच्या कडेला हवाई तळ उभा राहिला आणि मेहरसिंग यांनी उघडलेल्या वाटेचे दार झाला.

जे उरले ते

प्रजासत्ताक झाल्यावर मेहरसिंग यांना महावीर चक्र मिळाले. २०१८ मध्ये हवाई दलाने झुंडीने उडणाऱ्या ड्रोनची स्पर्धा जाहीर केली. आपत्तीत अडकलेल्या लोकांपर्यंत मदत पोहोचवणे हा तिचा हेतू. स्पर्धेला नाव दिले मेहर बाबा. जिथे उतरायला जागा नाही तिथे मदत पोहोचवणाऱ्याचे नाव त्या कामाला शोभते. चंडीगडच्या सेक्टर १८ मध्ये २०२३ पासून हवाई दलाचे वारसा केंद्र आहे. सहलीला गेलात तर जुन्या विमानांच्या कॉकपिटसमोर जरा वेळ उभे राहा आणि किती थोड्या साधनांवर ही माणसे उडत होती ते पाहा.

मेहरसिंग यांच्या शेवटाकडे पाहून त्यांची चूक काढत बसण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या रात्री त्यांनी आकाशात काय पाहिले ते फक्त त्यांना ठाऊक. मात्र दोन्ही भाग एकत्र वाचले की एक गोष्ट लक्षात येते. वाऱ्याला, ढगाला, विरळ हवेला पदके दिसत नाहीत. ज्याने काल हिमालय ओलांडला त्याच्याकडूनही आज मैदानावर तेवढाच हिशेब मागितला जातो.

म्हणून कॅडेट मित्रांनो, धाडस शिकताना हिशेबही शिका. पूंछला उतरण्याआधी पट्टीची लांबी मोजली गेली होती. लेहला निघण्याआधी सोनम नोरबूंनी माती दाबून घेतली होती. आणि पालकांनो, उद्या तुमचा मुलगा किंवा मुलगी एखाद्या विमानाची वैमानिक झाली आणि हवा खराब आहे म्हणून घरच्या लग्नाला वेळेवर पोहोचली नाही, तर रागावू नका. तो उशीर म्हणजेही नोकरी चोख बजावणे आहे.

उद्या पहाटे चंडीगडच्या आकाशात आवाज आला तर वर बघा. ते विमान लेहला चालले असेल. वाट बाबा मेहरसिंगांची आहे.